साठ घरांचं भाषण

आमचा लुलाश गेत्सी अंथरुणात मेला. आमच्या डोंगरात हे सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "अंथरुणात? म्हणजे झोपेत गोळी घातली?" नाही हो. तापानं गेला, साध्या तापानं, एकसष्टाव्या वर्षी, पायात लोकरीचे मोजे घालून. देशासाठी तुरुंगात गेलेला, राजधानीत, तिरानाच्या सभेत खुर्चीवर बसून आलेला माणूस आणि मरण असं! खालच्या वाडीतले लोक तर अजून मानत नाहीत.

माणूस बुटका. टोपी काढली तर घोड्याच्या खोगिराएवढा. पण आवाज? आवाज त्याच्या पोटात कुठेतरी विहीर खणून ठेवल्यासारखा यायचा. बोलताना लोक बोट उगारतात, हा अंगठा उगारायचा. "पुरुषांनो!" म्हणाला की कुत्री उठून बसायची. आमच्या सगळ्या पोरांना तो आवाज काढता येतो. काहींना तर त्याच्यापेक्षा बरा येतो.

तरुणपणी तो लोकर विकायचा. खेचरावर गठ्ठे लादून श्कोद्राच्या बाजारात. तिथल्या पाद्र्यांकडे दोन हिवाळे राहिला आणि वाचायला शिकला, तेही आपल्या भाषेत. तेव्हा तुर्कांचं राज्य, आणि आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र म्हणजे गुन्हा. याने ते लोकरीत लपवून वर आणायला सुरुवात केली. बैठकीत चुलीपाशी पुरुष जमायचे आणि लुलाश वाचायचा. म्हातारा निशाणदार ज्येतो, म्हणजे आमच्या टोळीचा प्रमुख, प्रत्येक ओळीनंतर घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "अं... हे खरंच छापलंय, की तू मनाचं घालतोस?"

"छापलंय, निशाणदार."

"अं... मग पुन्हा वाच."

एकदा गठ्ठा नाक्यावर फुटला. सात महिने किल्ल्यात काढले. परत आला तेव्हा पुढचे दोन दात नव्हते. दात कुणी पाडले विचारलं तर म्हणायचा, "तिथलं मटण फार चिवट." पण खरी गोष्ट किल्ल्यातली नाही, कड्यावरची आहे. तुर्कांविरुद्धचा उठाव झाला तेव्हा वीस जणांना एक कडा राखायला सांगितलं होतं. लुलाश त्यांत होता. वीस जण गेले खरे, पण एकमेकांशेजारी बसेनात. याच्या काकाला त्याच्या मेव्हण्यानं मारलेलं, त्याच्या भावाला याच्या मामानं. जो तो पाठ खडकाला लावून बसला आणि बंदूक रोखली ती शेजाऱ्यावर. तुर्क खालच्या वाटेनं शिट्टी वाजवत निघून गेले.

त्या दिवसापासून लुलाशनं झेंड्याचं बोलणं बंद केलं आणि रक्ताचं सुरू केलं. ज्या घराला खुनाचा बदला घ्यायचा असेल त्या घरी जायचा, बैठकीत बसायचा आणि भाषण करायचा. भाषण एकच. दहा वर्षांत एक शब्द बदलला नाही. ते असं:

"पुरुषांनो! ही चूल कुणाची? तुमची. हा डोंगर कुणाचा? तुमचा. मग डोक्यावर राज्य परक्याचं का? कारण तुम्ही एकमेकांना मारता आणि तो वर बसून बघतो. मेलेल्याला भूक नाही, तहान नाही, रागही नाही. राग आपला असतो, नाव त्याचं लावतो."

इथे तो थांबायचा. पाणी प्यायचा. सावकाश, पूर्ण पेला. तेवढ्यात घरधन्याचं मन वितळायला हवं, असा हिशेब. मग अंगठा वर, आणि: "माझ्या मागून म्हण. देवासाठी, पाहुण्यासाठी आणि या भूमीसाठी, रक्त सोडलं."

आणि घरधनी म्हणायचा. काही रडत म्हणायचे, काही दात खाऊन. शब्द बैठकीत, पेटत्या चुलीसमोर, चार पुरुषांच्या देखत तोंडातून गेला की गेला. थुंकी परत गिळता येत नाही. अशी साठ घरांची वैरं त्यानं बदला सोडायला लावून मिटवली.

बाकी राजकारणात त्याचं फारसं काही जमलं नाही. दूर समुद्रकाठी व्लोराला स्वातंत्र्याचा झेंडा उभारायचा ठरला तेव्हा आमच्या टोळीनं त्याला पाठवलं. वाटेत खेचर आजारी पडलं, पूल वाहून गेला, हा पोचला तेव्हा झेंडा उभारून चार दिवस झाले होते. कचेरीच्या दारात पहारेकऱ्याला म्हणाला, "आता काय राहिलंय?"

"झाडायचं राहिलंय, चाचा."

यानं झाडू घेतला म्हणतात. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पुढे लढाया झाल्या, ऑस्ट्रियावाले आले, गेले, आणि शेवटी तिरानाला सभा भरू लागली तेव्हा डोंगरातल्या मतांवर तो निवडून गेला. साठ घरं पाठीशी होती. दुसरं कोण जाणार?

त्या सभेतच त्याला निरोप आला. टपालाच्या खेचरांवर बोलायला तो उभा होता. गावचा माणूस दारातून आत आला, कानाशी वाकला आणि सांगितलं की मेहिलला मारलं. मेहिल त्याचा थोरला मुलगा, चोवीस वर्षांचा. सांगणारा म्हणतो, लुलाशनं मान हलवली आणि वाक्य पूर्ण केलं. "...म्हणून दर घाटाला दोन खेचरं तरी हवीत." मग कोट घेतला.

भांडण काहीच नव्हतं. कोल मिराशच्या गिरणीवर मका दळायचा होता. मेहिलची पाळी होती. ओढ्यापलीकडचा पाश्क मध्ये घुसला. पाश्क म्हणजे सव्वीस वर्षांचा तापट माणूस, घरात तान्ही मुलगी. मेहिल म्हणाला, "तुझ्या बायकोनं घाई केली, म्हणून आता तूही करणार का?" ही थट्टा होती. लग्नानंतर सहाव्या महिन्यात पोर झालं होतं, त्यावर अख्खी टोळी हसत होती. पाश्कनं गोळी घातली. गिरणीवाला कोल पिठानं पांढरा झालेला, हातात सूप धरून उभा. पीठ खाली पडत राहिलं, आणि तो ओरडत राहिला, "माझ्या उंबऱ्यात! अरे मेल्यांनो, माझ्या उंबऱ्यात!"

पाच दिवस चालून लुलाश घरी पोचला. पुरून झालं होतं. अंगणात बायका थांबल्या होत्या, तो आला की पुन्हा गळा काढायला. लुलाश त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि म्हणाला, "मका काढून झाला का?"

त्या दिवसापासून तो असाच. जेवायचा, बोलायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. चुलीवरून निखारा उडून हाताच्या पाठीवर पडला तर बघत बसायचा. त्याची बायको द्रांदे उठून झटकायची. आम्ही सगळे एकाच अंगणातले, आम्हाला रोज दिसायचं. "काका, भाजलं ना?" विचारलं की म्हणायचा, "भाजलं असेल."

दोम गास्पेर नावाचे आमचे पाद्री नाकात बोलतात. ते मध्ये पडले आणि तीस दिवसांची बेसा मिळवली. बेसा म्हणजे दिलेला शब्द. तोवर कुणी कुणाला मारायचं नाही. तीस संपले, पुन्हा तीस मिळाले. मग पुन्हा. पण संत निकोलाच्या सणाला बेसा संपणार होती, आणि पुढे मिळणार नव्हती. त्यानंतर दोनच वाटा. एकतर लुलाशनं रक्त सोडायचं, नाहीतर त्याच्या धाकट्या मुलानं, प्रेंदनं, पाश्कला मारायचं, मग पाश्कच्या भावानं प्रेंदला. प्रेंद एकोणीस वर्षांचा. तो चुलीपाशी बसून बंदुकीला तेल लावायचा. एकच नळी, तीन महिने. नळी नुसती चकाकत होती.

आणि या तीन महिन्यांत गावानं काय केलं? जे करतात तेच. एका लग्नात लुलाश बैठकीत बसला होता. कॉफी फिरली. सगळ्यांना हातात दिली. लुलाशपाशी आल्यावर यजमानानं डावा गुडघा उचलला आणि पेला गुडघ्याखालून पुढे केला. ज्याच्या घरचं रक्त सुटलेलंही नाही आणि घेतलेलंही नाही, त्याला आमच्याकडे अशी कॉफी देतात. पूर्वी याच कॉफीपायी माणसं उठून सरळ खून करायला गेली आहेत. लुलाशनं पेला घेतला. प्याला. म्हणाला, "साखर कमी आहे."

कुणी हसलं नाही. यजमान तेवढा पुटपुटला, "आणतो."

घरी द्रांदेनं विचारलं, "गुडघ्याखालून दिली म्हणे?"

"हो."

"आणि तू प्यालास?"

"गरम होती."

द्रांदे मोठ्यानं कधी बोलत नाही. तिचं बोलणं म्हणजे दळताना जात्याचा आवाज, सारखा एका पट्टीत. ती म्हणाली, "साठ घरांना रक्त सोडायला लावलंस. त्या घरांच्या आया तेव्हा कुठे बसल्या होत्या, कधी बघितलंस?"

लुलाश विचार करू लागला. खरंच विचार करत होता, दिसत होतं. मग म्हणाला, "नाही."

"भिंतीपलीकडे," द्रांदे म्हणाली. "मीही तिथेच बसेन."

"तुला काय हवंय? प्रेंदनं जावं?"

"मला विचारतोस? तीन महिन्यांनी?" आणि ती पाणी आणायला निघून गेली.

संत निकोलाच्या आदल्या दिवशी, सकाळी, ते आले. पुढे निशाणदार ज्येतो, मागे दोम गास्पेर, त्यामागे गिरणीवाला कोल मिराश आणि पाश्कच्या घरचे बारा पुरुष. पाश्कचे हात पाठीमागे बांधलेले, त्याची स्वतःचीच बंदूक गळ्यात लोंबकळत. आणि पाश्कच्या काकाच्या हातात पाळणा. पाळण्यात पाश्कची मुलगी, पट्ट्यांनी घट्ट बांधलेली. बर्फातून दीड तास चालून आले होते. बंदुका दारातल्या खुंट्यांवर टांगल्या. पाश्क आत येऊन गुडघ्यावर बसला. काकानं पाळणा चुलीसमोर ठेवला. पालथा. पाळण्याची कमान जमिनीला टेकली, पोरीचं तोंड खाली. रीतच आहे. घरधन्यानं रक्त सोडलं तर तो स्वतःच्या हातानं पाळणा सुलटा करतो. नाही सोडलं तर पाळणा तसाच उचलून परत न्यायचा.

पोरगी रडायला लागली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. प्रेंद दाराशी. भिंतीपलीकडे बायका होत्या, पण आवाज एकीचाही नाही.

"अं..." निशाणदार खाकरले. "लुलाश, तुला माहीत आहे आम्ही कशाला आलोय."

"माहीत आहे. बसा."

आता बोलायचं कुणी? हे काम दहा वर्षं एकाच माणसानं केलेलं. दोम गास्पेर म्हणाले, "कोल, तू बोल. तुझ्या उंबऱ्यात झालं."

"मी?" कोल म्हणाला. "दोमबाबा, मला दळता येतं. बोलता कुठे येतं?"

"बोल!"

कोल उठला. अंगावरचं पीठ झटकलं, खरं तर आज पीठ नव्हतंच. आणि मग त्याला जे एकच येत होतं ते त्यानं सुरू केलं. सगळ्या डोंगराला तेच एक येतं.

"पुरुषांनो!" कोल किंचाळला. त्याचा आवाज बारीक, शेळीसारखा. "ही चूल कुणाची? तुमची. म्हणजे तुझी, लुलाशकाका. हा डोंगर... डोंगर सगळ्यांचा. मग परक्याचं राज्य..." इथे तो अडखळला. परक्याचं राज्य आता राहिलंच नव्हतं. "...परक्याचं राज्य होतं तेव्हा का होतं?"

भिंतीला टेकलेल्यांपैकी कुणीतरी नाकातून फुर्र केलं. निशाणदारांनी तिकडे पाहिलं. फुर्र बंद.

लुलाश विस्तवाकडे बघत ऐकत होता. आपल्या लोकरीचा भाव दुसरा कुणी करतोय, आणि आपल्याला ना विकायची घाई ना ठेवायची, असा चेहरा.

कोल पुढे गेला. घाम फुटला होता. "मेलेल्याला भूक नाही, तहान नाही, रागही नाही. राग आपला असतो... आपला असतो, आणि..." गेलं. शब्द गेले. तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. पोरीचं रडणं बारीक होत चाललं होतं, उचक्यांवर आलं होतं. पाश्क मान वर न करता पाळण्याकडे बघत होता.

"नाव त्याचं लावतो," लुलाश म्हणाला.

सगळे दचकले. आवाज तोच, विहिरीतला, पण त्यात पाणी नव्हतं.

"हो! नाव त्याचं लावतो!" कोल म्हणाला आणि घाईनं, "माझ्या मागून म्हण..."

"थांब. तिथे थांबायचं. पाणी प्यायचं."

"आत्ता?"

"पूर्ण पेला."

कोलला पाणी दिलं. तो प्याला. आम्ही त्याचा कंठ वरखाली होताना बघत होतो. पोरगी गप्प झाली. पाश्कचा काका अर्धवट उठला, निशाणदारांनी हातानं बसवला. पाळण्याला हात लावायचा हक्क आता एकाच माणसाचा.

कोलनं पेला ठेवला. अंगठा उगारला. चुकीचा, डावा. "माझ्या मागून म्हण. या भूमीसाठी, पाहुण्यासाठी आणि... आणि चुलीसाठी..."

"नाही," लुलाश म्हणाला. शाळेत पाद्री पोरांना सांगतात तसा, न चिडता. "देव पहिला. देवासाठी, पाहुण्यासाठी आणि या भूमीसाठी, रक्त सोडलं."

बैठक उठली. बारा पुरुष एकदम उभे राहिले, आम्हीही भिंत सोडून पुढे सरकलो. "ऐकलं!" निशाणदार ओरडले, पहिल्यांदाच न खाकरता. "पेटत्या चुलीसमोर! सगळ्यांनी ऐकलं!" बाहेर कुणीतरी हवेत गोळी झाडली. दोम गास्पेरांनी नाकातून प्रार्थना सुरूही केली.

लुलाश एकटा बसलेला. "मी त्याला सांगत होतो," तो म्हणाला. "तो क्रम चुकत होता."

ज्यांनी ऐकलं ते जागच्या जागी थबकले. मग सगळेच. कोल मिराशचा अंगठा अजून वरच. नियम नियमाच्या जागी आहे, पण घरधनी जर म्हणतोय की मी शिकवत होतो, तर? पाळणा तर अजून पालथाच. निशाणदारांनी दाढी चोळली. "अं... लुलाश, तोंडातून गेलं ते गेलं."

"हो, गेलं खरं."

"मग?"

लुलाशनं प्रेंदकडे पाहिलं नाही, पाश्ककडे पाहिलं नाही. आपल्या हाताकडे पाहिलं. साठ घरांत या जागी त्यानं घरधन्याचा हात धरून पाळण्यावर नेऊन ठेवला होता. इथे हात धरायला कुणी नव्हतं. तो हात थोडा वेळ मांडीवर पडून राहिला. मग उठला, आपणहून उठल्यासारखा, आणि त्यानं पाळणा सुलटा केला.

पोरीचा चेहरा लाल, कपाळावर कमानीचा वळ. तिनं लुलाशकडे पाहिलं आणि शिंकली.

"सर्दी होईल," लुलाश म्हणाला. "आत न्या, बायकांत."

दोन दिवसांनी तो पाश्कच्या घरी जेवायला गेला. तेही करावं लागतं. मेंढा कापला होता. बैठकीतले चाळीस लोक त्याच्या जबड्याकडे बघत होते, गिळतो का नाही. तो गिळत होता. पाश्कनं स्वतः वाढलं आणि विचारलं, "काका, अजून?"

"दे."

जेवण झाल्यावर त्यानं लाकूड तासायचा वाकस घेतला आणि पाश्कच्या दाराच्या लाकडावर क्रूस कोरला. रक्त सुटल्याची ती खूण. आमच्यात ती सगळे वाकडीतिकडी कोरतात, हात थरथरतो म्हणून. लुलाशचा क्रूस अगदी सरळ आला. सुतारानं नंतर दोरी लावून पाहिली.

तिरानाच्या सभेला तो पुन्हा गेला नाही. निशाणदारांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "दुसरा पाठवा. मी जातो पण पोचत नाही."

दुसऱ्या आठवड्यात प्रेंदनं बंदूक खुंटीला लावली, खेचरावर लोकर लादली आणि श्कोद्राला निघाला. दिवसाढवळ्या, ओढ्याच्या वाटेनं. लुलाश उंबऱ्यावर बसला होता. द्रांदे शेजारी मक्याची कणसं सोलत होती.

"ते तू बोललास," ती म्हणाली, "की तोंडच बोललं?"

लुलाश ओढ्याच्या वाटेकडे बघत म्हणाला, "कळत नाही, द्रांदे. तेव्हापासून तेच बघतोय."

"आणि?"

"काही दिसत नाही."

"मेहिलचा निरोप आला तेव्हा तरी काही झालं? आत?"

"नाही."

"पाश्कचा राग?"

"नाही आला."

द्रांदेनं एक कणीस सोलून टोपलीत टाकलं. "मला येतो," ती म्हणाली. "तुझ्या वाटचाही मलाच येतो. रोज. पोरीला तूप चोळून परत पाठवलं ना मी, तेव्हाही येत होता."

"मग का चोळलंस?"

"कपाळावर वळ होता."

खालून ओढ्याकडून प्रेंदचा आवाज आला. पाश्कचा चुलत भाऊ समोरून खेचर घेऊन येत होता, आणि प्रेंद ओरडत होता, "काय रे ए, खेचर लंगडतंय की तू?" पलीकडून काहीतरी घाण उत्तर आलं. मग दोघांचं हसणं.

द्रांदेचा हात थांबला. सोललेलं कणीस हातातच राहिलं.

"ऐकलंस?" लुलाशनं विचारलं.

"ऐकलं."

"मग झालं."

तिनं टोपली उचलली आणि आत गेली. ऊन कड्यामागे गेलं, दारातला चिखल गोठायला लागला, तरी लुलाश तिथेच बसून होता. जेवायला ये म्हणून द्रांदेला त्याला दोनदा हाक मारावी लागली.